इंधन संपल्यानंतरची साडेतीन मिनिटे

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्यात ३०० सागरी मैलांचा एक प्रवास, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून, एकट्याने पूर्ण करावा लागतो. माझा तो प्रवास मार्च महिन्यात ठरला. विमान दोन आसनी सेसना १५२ होते. त्याच्या टाक्यांत सुमारे ९८ लिटर इंधन बसते, पण वापरता येते ते सुमारे ९३ लिटरच. साडेतीन तासांना ताशी २३ लिटर धरून ८० लिटर लागणार आणि उरलेले अर्धा तास पुरणार, हा हिशेब मी आदल्या रात्री दोनदा तपासला होता. नोंदवहीत टाक्या पूर्ण भरल्याची नोंद होती. प्रत्यक्षात त्या नोंदीनंतर विमान आणखी पन्नास मिनिटे उडाले होते आणि ते उड्डाण वहीत चढलेच नव्हते. स्टुलावर चढून टाकीत डिपस्टिक, म्हणजे इंधनाची पातळी मोजायची खुणांची काठी, घातली असती, तर मला ते जागेवरच कळले असते. मी घातली नाही.

वाटेतल्या दोन्ही थांब्यांवर विमानाचे इंधन मिळण्याची सोय नव्हती. परतीच्या टप्प्यात इंधनाचे दोन्ही काटे शून्याकडे झुकलेले दिसत होते. मात्र जुन्या विमानांतील काटे भरवशाचे नसतात असे आम्ही सगळेच म्हणत असू, त्यामुळे मी काट्यांऐवजी कागदावरच्या बेरजेवर विश्वास ठेवला. इंजिन दोनदा अडखळले, क्षणभर पूर्ववत झाले आणि मग बंद पडले. पुढचा पंखा वाऱ्याने नुसताच फिरत होता.

जमिनीपासून उंची सुमारे अडीच हजार फूट होती. इंजिनाविना या विमानाचा घसरत जाण्याचा योग्य वेग ६० नॉट, ताशी सुमारे १११ किलोमीटर. म्हणजे माझ्या हातात जेमतेम साडेतीन मिनिटे आणि सहा-सात किलोमीटरचा टापू होता. प्रथम वेग साधला, मग इंजिन पुन्हा सुरू व्हावे म्हणून कार्बुरेटर हीट, इंधनाचा व्हॉल्व्ह, इंधन-हवेचे मिक्श्चर, ठिणगी देणारे मॅग्नेटो, सगळे क्रमाने पाहिले. काहीच उपयोग झाला नाही. रेडिओवर तीनदा ‘मेडे’ ही संकटाची हाक देऊन ठिकाण सांगितले आणि नजर जमिनीवर वळवली.

हिरवा ऊस वरून गादीसारखा दिसतो, पण त्यात चाके अडकून विमान उलटू शकते. त्याच्या पलीकडे ज्वारी काढलेले एक लांब रान होते. कुणीतरी पाचट पेटवले होते आणि त्याचा धूर पूर्वेकडे वाहत होता, त्यावरून वाऱ्याची दिशा कळली. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. म्हणून खांबांची रांग शोधून ती डाव्या हाताला ठेवली. वेग कमी करण्यासाठी पंखांमागच्या फ्लॅप नावाच्या पट्ट्या खाली घेतल्या, विजेचा मास्टर स्विच बंद केला, दार किलकिले केले आणि नांगराच्या तासांना समांतर चाके टेकवली. शंभरेक मीटरवर पुढचे चाक ढेकळांत रुतून त्याचा दांडा वाकला आणि विमान थांबले. धसकटे पोटाखाली घासल्याचा खरखर आवाज अजून कानात आहे.

सर्वांत आधी एक वयस्कर शेतकरी पाण्याचा तांब्या घेऊन धावत आले. “लेकरा, लागलं का रं कुठं?” एवढेच ते पुन्हा पुन्हा विचारत होते आणि मला उत्तर देता येत नव्हते.

त्यानंतरचे महिने अधिक कठीण गेले. श्वासचाचणी, वैद्यकीय तपासणी, लेखी जबाब, जप्त झालेली कागदपत्रे आणि थांबलेली उड्डाणे. चौकशीचा हेतू दोष वाटणे हा नसून पुन्हा तसे घडू नये हा असतो, असे आंतरराष्ट्रीय नियमावलीत म्हटले आहे, आणि माझ्याशी बोलणारे अधिकारी खरोखरच तसे वागले. टाक्यांतून निघालेले इंधन सहा लिटरही भरले नाही. जे वापरताच येत नाही तेवढेच उरले होते. माझ्या प्रशिक्षकांनी त्या दिवसांत मला १९८३ मधील एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ ची घटना पुन्हा समजावून सांगितली. तिथे इंधन मोजले गेले होते, पण किलोग्रॅमच्या जागी पौंडाचा हिशेब झाला आणि वाटेतच इंधन संपून ते विमान इंजिनांविना कॅनडातील गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवावे लागले. सगळे वाचले. मला मात्र मोजूनही चुकण्याची सबब नव्हती.

सात महिन्यांनी तोच प्रवास मी पुन्हा केला, या वेळी वाटेत इंधनाची व्यवस्था आधी पक्की करून. उतरल्यावर स्टुलावर चढलो, दोन्ही टाक्यांत डिपस्टिक बुडवली आणि ओल्या खुणेवरून आलेला ३१ लिटरचा आकडा वहीत स्वतःच्या हाताने लिहिला.