तुम्ही विचारलंत म्हणून: चार एकराची वळचण

बेळगावात, टिळकवाडीत आमच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस चहा येईपर्यंत भिंतीकडं बघतो आणि विचारतो, "ही कसली तबकडी काढलीय हो?" विमानतळाचं टर्मिनल आहे, सांगतो. "कुठं आहे?" होतं, आता पाडलं. मग तिसरा प्रश्न ठरलेला: "इतकं देखणं होतं, तर पाडलं कशाला?" त्याचं उत्तर चहाच्या कपात मावत नाही, म्हणून लिहितोय.

जेट विमानं नवी होती तेव्हाची ती इमारत. न्यूयॉर्कच्या आयडलवाइल्ड, म्हणजे आताच्या केनेडी विमानतळावर १९६० साली पॅन ॲम या अमेरिकन विमान कंपनीनं ती उघडली. लंबगोल छप्पर, चार एकरांचं. सांबऱ्याचं आमचं सगळं रानही तेवढं भरत नाही. छपराच्या कडेला एकही खांब नाही. आतल्या खांबांवरून पोलादी तारांनी ते पेललेलं. विमानं त्याखाली नाक घालून उभी राहायची आणि माणसं न भिजता आत चढायची. खानापूरकडच्या जुन्या घरांची वळचण ज्यांनी पाहिलीय, आषाढात तिच्याखाली उभं राहून पाऊस बघितलाय, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ती विमानांची वळचण होती. मी तिथं कधी गेलो नाही. पण आयुष्यभर नकाशे काढले, आणि इतकी साधी, माणसाची काळजी घेणारी रेघ मला दुसरीकडं क्वचितच दिसली.

विमानांचं वेड आप्पांमुळं लागलं. सायकलवर पुढं बसवून सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगावच्या विमानतळाच्या, कुंपणापर्यंत न्यायचे. ती धावपट्टी १९४२ सालची, ब्रिटिश हवाई दलाची. विमान आलं नाही तरी मी हलायचो नाही. शेवटी आप्पा म्हणायचे, "काय बघुलालास रे अजून? चल."

तर, पाडलं कशाला? छप्पर बोइंग ७०७ च्या मापानं बेतलेलं होतं. १९७० मध्ये ७४७ आलं, जवळजवळ दुप्पट माणसं घेणारं. मागं मोठी जोड इमारत बांधली, वर्ल्डपोर्ट असं नाव दिलं, पण विमान वाढलं तसं छप्पर वाढेना. १९९१ मध्ये पॅन ॲमच बंद पडली. पुढं डेल्टानं २०१३ पर्यंत ते वापरलं, आणि मग पाडलं.

त्याच विमानतळावर एरो सारिनेन या वास्तुविशारदानं टीडब्ल्यूए या दुसऱ्या विमान कंपनीसाठी बांधलेलं पंखांसारखं काँक्रीटचं टर्मिनल मात्र वाचलं. ते १९६२ ला उघडलं; सारिनेन आदल्याच वर्षी गेला होता. अडचण तीच, विमानं मोठी झाली. पण १९९४ मध्ये, इमारत वापरात असतानाच, शहरानं तिला वारसा म्हणून संरक्षण दिलं. माझ्या मते सगळं तिथंच ठरलं. २००१ ला टर्मिनल बंद झालं, बरीच वर्षं रिकामं राहिलं, पण हात लावता येईना. २०१९ पासून ते हॉटेल आहे, ५१२ खोल्यांचं. विमानतळाचं हॉटेल झालं म्हणून हळहळणारे भेटतात. मला ते पटत नाही. उभं आहे ना!

सारिनेनचंच वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळाचं टर्मिनल मला सगळ्यांत शहाणं वाटतं. तेही १९६२ चं, आणि आजही विमानतळच. वाढीची सोय त्यानं आधीच ठेवली होती. १९९६ मध्ये तेच खांब, तेच छप्पर दोन्ही बाजूंना पुढं नेऊन लांबी दुप्पट केली. आपल्याकडं घर बांधणारा गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सळया सोडतो, तसं.

सांबऱ्याला २०१७ मध्ये नवी इमारत झाली. त्याआधी जुनीचं एक चित्र काढायचं माझ्याकडून राहिलं, आणि ते मला लागून राहिलंय.

वर्ल्डपोर्ट पाडल्यावर त्या जागेवर विमानं उभी करून ठेवायचे. उघड्यावर, पावसात.