जीआयएफचा वेग नेमका कुठे ठरतो?

ॲनिमेटेड जीआयएफ, म्हणजे हलत्या चित्राची फाइल, करायला बसलेला माणूस आधी वेगाचे बटण शोधतो आणि ते त्याला सापडत नाही, कारण व्हिडिओप्रमाणे ‘सेकंदाला इतक्या फ्रेम’ असा एकच आकडा जीआयएफमध्ये नसतोच. प्रत्येक फ्रेम, म्हणजे त्यातले एकेक चित्र, पडद्यावर किती वेळ राहणार, याची तिथे स्वतंत्र नोंद असते. कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीने १९८७ मध्ये जीआयएफ आणले तेव्हा ही सोय नव्हती. ती १९८९ च्या आवृत्तीत आली.

ही नोंद सेकंदाच्या शंभराव्या भागांत आणि पूर्णांकातच करावी लागते, आणि बरेचसे घोळ इथूनच सुरू होतात. सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रीकरणात प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला बरोबर ४ शतांश येतात. ३० फ्रेमसाठी मात्र ३.३३ शतांश हवेत. ते लिहिता येत नाहीत म्हणून ३ लिहिले, तर १० सेकंदांचे दृश्य ९ सेकंदांत संपते. शून्य किंवा १ शतांश लिहून वेग वाढेल ही अपेक्षाही फोल आहे, कारण क्रोम आणि फायरफॉक्ससारखे ब्राउझर इतका छोटा आकडा मानत नाहीत आणि त्याऐवजी १० शतांश धरतात. त्यामुळे फोटोशॉपमध्ये ‘नो डिले’ (डिले म्हणजे फ्रेम थांबण्याचा वेळ) ठेवलेले चित्र ब्राउझरमध्ये चक्क रेंगाळते. वेग हवाच असेल तर २ शतांशांच्या खाली जाऊ नये.

फोटोशॉपच्या टाइमलाइनमध्ये प्रत्येक फ्रेमखाली डिले दिसतो. सगळ्या फ्रेम एकत्र निवडून तो एकदम बदलता येतो. गिम्प या चित्र-संपादनाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये प्रत्येक लेयर, म्हणजे चित्राचा एकेक थर, ही एक फ्रेम असते, आणि लेयरच्या नावातच कंसात मिलिसेकंदांचा आकडा व त्याला जोडून रोमन लिपीत एम-एस ही अक्षरे लिहावी लागतात. हा आकडा देवनागरीत लिहून चालत नाही, आणि तो १० च्या पटीत ठेवलेला बरा, कारण एक शतांश म्हणजे १० मिलिसेकंद. ज्या लेयरवर आकडा नसेल, तिला निर्यात करतानाच्या खिडकीतला डिले लागू होतो. तो मुळात १०० मिलिसेकंद असतो. गिम्पच्या प्लेबॅक खिडकीतला वेग मात्र फक्त पाहण्यापुरता आहे, त्याचा फाइलवर काहीही परिणाम होत नाही.

माझ्या मते सर्व फ्रेमना एकच डिले देणे हा निव्वळ आळस आहे. भाचीला गिरवण्यासाठी ‘ळ’ची जीआयएफ केली, तेव्हा रेघ पुढे सरकणाऱ्या फ्रेमना ८० मिलिसेकंद दिले, एक गाठ पूर्ण होऊन हात दुसरीकडे वळतो तिथे ३००, आणि पूर्ण झालेल्या अक्षराला दीड सेकंद. शेवटचा तो थांबा नसता, तर अक्षर डोळ्यांत भरण्याआधीच पाटी कोरी होऊन आवर्तन पुन्हा सुरू झाले असते.

फाइल जड झाली की एकाआड एक फ्रेम काढून टाकण्याची रीत आहे. ती वापरताना उरलेल्या फ्रेमचा डिले दुप्पट करावा लागतो: ४० मिलिसेकंदांच्या १५० फ्रेम सहा सेकंद चालतात, त्यांतल्या ७५ ठेवल्या तर प्रत्येकीला ८० द्यावे लागतात. फ्रेम काढल्या आणि डिले तसाच राहिला, तर सावकाश चालणारा माणूस धावू लागतो.