आमची वाटचाल: आधी टेक निवडा, मग चहा

आमच्या रेकॉर्डिंग स्टुडिओच्या कोटेशनवर शेवटून दुसरी ओळ अशी आहे: 'टेकची निवड कलाकार स्टुडिओत असतानाच होईल.' टेक म्हणजे एकच ओळ किंवा गाणं पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करतो, त्यातली एकेक खेप. ही ओळ वाचून नवीन गिऱ्हाइकाचा हमखास फोन येतो. "म्हणजे आम्हाला घरी नेऊन निवांत ऐकता येणार नाही का?" येईल की, पण निवडून झालेलं. काही जण तिथूनच दुसरा स्टुडिओ बघतात. ही एक ओळ लिहायला आम्हाला २३ वर्षं लागली, म्हणून तिची हकिगत सांगतो.

सुरुवात १९९६ ची. सदाशिव पेठेतला एक वाडा, त्याच्या मागच्या अंगाला पूर्वी सरपण ठेवायची खोली. भिंतींना गाद्या, दाराला दुहेरी गोधडी आणि दोन वापरलेली पाव इंची टेप मशिन. भांडवल माझं आणि ताईचं. ताईनं बँकेतली नोकरी सांभाळून हिशेब बघितले, आजही तीच बघते. अक्कल मात्र उसनी होती, ती काकांची. काका आकाशवाणीतून निवृत्त झालेले. पुणे केंद्राचा त्यांना भारी अभिमान. 'गीतरामायण' १९५५ च्या रामनवमीला सुरू झालं तेव्हा ते शाळेत होते, पण सांगायचे असे की जणू स्वतः बूथमध्ये बसले होते. "वर्षभर दर आठवड्याला नवं गाणं, ५६ गाणी! 'नंतर बघू' म्हणायला वेळ होता का कुणाला?"

पहिला महिनाभर त्यांनी मला मायक्रोफोनला हात लावू दिला नाही. हातात ब्लेड दिलं आणि जुन्या बातम्यांची टेप कापायला बसवलं.

साडेदहा इंची स्पूलवर २५०० फूट टेप मावायची. सेकंदाला १५ इंच या वेगानं ती ३३ मिनिटांत संपायची, साडेसातच्या वेगाला दुप्पट पुरायची. गाणं १५ ला आणि भाषण साडेसातला, कारण टेपचे पैसे गिऱ्हाइकाच्या बिलात वेगळे लागायचे. १५ च्या वेगाला अर्ध्या सेकंदाचा श्वास म्हणजे जवळजवळ वीतभर टेप. दोन्ही स्पूल हातांनी मागंपुढं हलवायची, हेडमधून घुर्रघुर्र आवाज यायचा, त्यातून शब्द कुठं सुरू होतो ते ओळखायचं आणि टेपच्या पाठीवर पिवळ्या पेन्सिलीनं खूण करायची. मग टेप खाचेच्या पट्टीत बसवून ४५ अंशांत तिरका काप. सरळ कापलं तर जोडावर 'टक्' वाजण्याची भीती. तिरक्या कापात एक आवाज उतरतो तसा दुसरा चढतो. पाव इंची टेपवर ती उतरण पाव इंचाची, म्हणजे १५ च्या वेगाला सेकंदाचा साठावा भाग. कॉम्प्युटरवरचा क्रॉसफेड तो हाच, फक्त माउसनं लांबवायची सोय नव्हती.

काप घ्यायचा तो क, ट, प च्या आधी. ही व्यंजनं फुटण्याआधी तोंड क्षणभर बंद असतं, टेपवर तिथं शांतता सापडते. म आणि न च्या वाटेला जायचं नाही, ते शेजारच्या स्वरात विरघळलेले असतात. शाळेत व्याकरणात मला जेमतेम पस्तीस गुण होते. वर्णमाला मी शिकलो ती ब्लेडनं.

आता तरुण मुलं आदरानं म्हणतात, टेपवर केलं की कायमचं. हे अर्धंच खरं आहे. ब्लेडनं कापलेलं परत जोडता यायचं. काका कापलेले तुकडे आकडे घालून टेबलाच्या कडेला ओळीनं चिकटवून ठेवायचे. एकदा मी एका बाईंच्या निवेदनातले सगळे श्वास काढून टाकले आणि फार स्वच्छ काम केलं या आनंदात त्यांना ऐकवलं. काका म्हणाले, "बाई हयात आहेत ना?" मग कडेवरचे तुकडे सोडवून नऊ श्वास परत जागेवर बसवले. घरी जाताना काका ती कड साफ करायचे आणि तुकडे केरात. म्हणजे अनडू होतं, पण संध्याकाळी सहापर्यंत.

परत न येणारं होतं ते पुसलेलं. आमच्याकडे पुढं चार ट्रॅकचं, म्हणजे एकाच टेपवर चार आवाज वेगवेगळे घेणारं मशिन आलं. भक्तिगीतांच्या कॅसेटचं काम असलं की पहिल्या तीन ट्रॅकवर पेटी, तबला आणि टाळ घ्यायचे, त्यांचं मिश्रण चौथ्यावर उतरवायचं आणि ते तीन ट्रॅक पुसून त्यांवर गायक, कोरस आणि बासरी. उतरवताना टाळ जास्त झाला तर तो कायमचा जास्त. एका कॅसेटला तसं झालं. कोरस घेऊन झाल्यावर लक्षात आलं, तोवर तबल्याचा ट्रॅक उरलाच नव्हता. काका म्हणाले, "आता गाणाऱ्याला टाळाला धरून गाऊ दे." गायकानं तसं केलं, कॅसेट निघाली, पैसेही वेळेवर आले. तो टाळ मला आजही खटकतो.

तरी टेप गेली याचं मला तेव्हा काडीचंही दुःख झालं नाही. रोज सकाळी हेड पुसणं, पावसाळ्यात टेपांवर येणारी बुरशी, एका मशिनवरची टेप दुसऱ्यावर मंद वाजणं, हे ज्यानं भोगलंय तो टेपवर कविता करत नाही. २००३ मध्ये आम्ही कॉम्प्युटर घेतला. तपकीर गल्लीतून ४० जीबीची हार्ड डिस्क आणली. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ या दर्जाच्या रेकॉर्डिंगला एका ट्रॅकचा तास साधारण अर्ध्या जीबीत बसतो हे गणित ताईनं केलं आणि विचारलं, "म्हणजे टेपचं बिल शून्य?" शून्य. आम्ही त्या रात्री बेडेकरांची मिसळ नाही, चक्क हॉटेलात पंजाबी खाल्लं.

चूक त्या शून्यात होती, पण ती कळायला बरीच वर्षं गेली. टेपच्या काळात गिऱ्हाईक तासाचे पैसे द्यायचं, वर टेपचे. कुणी तीन तास घोळ घातला तर घोळाचे पैसे त्याच्याच बिलात दिसायचे. कॉम्प्युटर आल्यावर घरोघरी स्टुडिओ झाले, स्पर्धेत आम्हीही 'एका गाण्याचे एवढे' असा ठोक दर लावला. त्या दिवसापासून घोळ गिऱ्हाइकाला फुकट आणि आम्हाला महाग झाला. टेपच्या जमान्यातल्या लोकांकडे निर्णयाचं धाडस होतं असं मी मानत नाही. त्यांच्याकडे बिल होतं.

२०११ मध्ये एका हौशी गायकानं एका मुखड्याचे ४१ टेक दिले. 'सगळे ठेवा, नंतर निवडू.' ठेवले. मग अक्षराअक्षरानं जोडणी सुरू झाली: 'स' सतराव्यातला, 'खे' तिसाव्यातला. दर पंधरा दिवसांनी ते यायचे आणि निराळंच आवडायचं. तीन दिवसांचं काम आठ महिने चाललं, गाणं निघालंच नाही, निम्मे पैसे बुडाले. दोष त्यांचा म्हणता येईल, पण 'नंतर' हा शब्द आम्ही विकायला ठेवला होता, त्यांनी तो घेतला.

मधल्या काळात वाडा पाडला गेला आणि आम्ही एरंडवण्यात आलो. जागा उत्तम, पण गणपतीच्या आधी महिना-दीड महिना संध्याकाळी नदीपात्रातून ढोलांचा सराव ऐकू येतो. काचा कितीही जाड लावा, ढोलाचा ठोका जमिनीतून येतो. त्या दिवसांत रेकॉर्डिंग दुपारी चारपर्यंतच. त्याच सुमारास 'पुरुषोत्तम करंडक' या कॉलेजांच्या स्पर्धेतल्या एकांकिकांची मुलं पेनड्राइव्ह घेऊन येतात. त्यांच्याबरोबर काम करायला मला आवडतं, कारण परवा भरत नाट्य मंदिरात प्रयोग असतो आणि त्यांना 'नंतर' परवडत नाही.

खरा दणका पुस्तकानं दिला. २०१७ च्या अखेरीस स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचं ॲप भारतात आलं, मराठी ऑडिओबुकांचं काम दिसू लागलं, तसं एका प्रकाशकाचं नऊ तासांचं पुस्तक आम्हीही घेतलं. वाचणारे सलग वाचायचे आणि चुकले की टाळी वाजवून वाक्य परत घ्यायचे. टाळीचा उभा सुळका पडद्यावर दिसतो, तिथं नंतर कापायचं. एका तयार तासामागं पाच-सहा तास एडिटिंग. सोळाव्या प्रकरणाला माझ्या मुलीनं हेडफोन काढून विचारलं, "बाबा, या गावाच्या नावातला च 'चार'मधला की 'चाक'मधला?" दोन्ही होते. वाचणाऱ्यांनी दोन्ही तऱ्हांनी टेक दिले होते, आम्ही 'नंतर बघू' म्हटलं होतं, आणि निवडताना कधी हा आला कधी तो. तोवर वाचणारे गावी गेले होते, घसाही बसलेला. माझ्याकडून ऐकलेला काकांचा ब्लेडचा धडा आठवून मुलीनं एकेक च उचलून दुसरीकडे बसवला. चार दिवस गेले, आणि तीन ठिकाणी जोड मला अजूनही ऐकू येतो.

म्हणून २०१९ मध्ये ती ओळ आली. आता वाचणारा चुकला की तिथंच थांबायचं, दोन वाक्यं मागं जायचं, ती त्याच्या कानात वाजवायची आणि चुकीच्या जागेपासून तो पुढं वाचतो. बरेच ऑडिओबुकवाले असं करतात, पद्धत टेपवरच्या 'पंच'चीच, म्हणजे चालत्या टेपवर चुकीच्या जागेपासून रेकॉर्डिंग पुन्हा सुरू करायचं. संध्याकाळी प्रकरण तयार असतं. एडिटिंग दीड-दोन तासांवर आलं आणि वाचणाराही कमी चुकतो. गायकाला तीन टेक, फार तर पाच, आणि निवड झाल्यावरच चहा.

सगळंच जागेवर ठरवतो असं नाही. गूंज किती द्यायची, आवाजाची धार किती, हे माणूस घरी गेल्यावरही ठरवता येतं, त्यासाठी तो समोर असायची गरज नसते. पण उच्चार, सूर, लय आणि कुठला टेक, याचं उत्तर फक्त त्याच्या गळ्यात असतं, आणि तो गळा सहाच्या बसनं जाणार असतो.

आज आम्ही चौघं आहोत. एक टेप मशिन अजून चालतं, घराघरांतली जुनी स्पूल उतरवून द्यायला. नाकारलेले टेक मुलगी एका फोल्डरमध्ये ९० दिवस ठेवते आणि मग पुसते. फोल्डरचं नाव 'टेबलाची कड'. काकांना तिनं पाहिलेलं नाही. आजवर त्यातून दोनदाच काही परत काढावं लागलं, दोन्ही वेळा श्वास.