लेन्स करेक्शनमध्ये हरवलेला खांदा

एका कार्यक्रमानंतर काढलेला साठ-सत्तर जणांचा समूहफोटो मला भिंतीवर लावण्याजोगा मोठा छापून द्यायचा होता. मागे सरकायला जागा नसल्यामुळे डीएसएलआर कॅमेऱ्याची झूम लेन्स १८ मिलिमीटरवर, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या (वाइड अँगल) टोकाला आणून, पाठ भिंतीला टेकवून मी तो काढला होता. डावीकडच्या टोकाला उभे असलेले एक गृहस्थ चौकटीत जेमतेम मावले होते, पण त्यांच्या खांद्याशेजारी थोडी मोकळी जागा व्ह्यूफाइंडरमध्ये स्पष्ट दिसली होती, आणि तिच्यावर विसंबूनच मी शटर दाबले होते.

रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली प्रक्रिया न केलेली फाइल, लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर मी सवयीप्रमाणे आधी किंचित कललेला फोटो सरळ केला, क्रॉपची, म्हणजे फोटोच्या कडा कापण्याची, चौकट शक्य तितकी माणसांच्या जवळ आणली आणि रंग व उजेडाचे काम आटोपल्यावर सर्वांत शेवटी लेन्स प्रोफाइल (त्या लेन्सचे ठरावीक दोष आपोआप दुरुस्त करणारी तयार माहिती) चालू केले. मागच्या इमारतीच्या छज्जाची मधोमध वर फुगलेली रेघ क्षणात सरळ झाली, आणि त्याच क्षणी त्या गृहस्थांचा खांदा चौकटीबाहेर गेला. क्रॉपला चुकून हात लागला असेल, असे मला वाटले. परंतु केलेल्या बदलांच्या यादीत तसे काहीच नव्हते. प्रोफाइल बंद केले की खांदा परत येत होता, चालू केले की जात होता. क्रॉपची चौकट जागच्या जागी होती. तिच्याखालचे चित्रच बाहेरच्या दिशेने ताणले जात होते.

कारण समजून घेण्यासाठी मी कागदावर थोडे गणित केले. वाइड अँगल लेन्समध्ये बहुतेक वेळा बॅरल डिस्टॉर्शन असते, म्हणजे केंद्रापासून दूर जावे तसे चित्र आक्रसत जाते. ते सरळ करायचे तर कडेचे बिंदू बाहेर ढकलावे लागतात. माझा फोटो ६००० गुणिले ४००० पिक्सेलचा; केंद्रापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर सुमारे ३६०६ पिक्सेल. कोपऱ्यात ५ टक्के दुरुस्ती लागते, केंद्र आहे तसेच राहते आणि दुरुस्तीचे प्रमाण अंतराच्या वर्गानुसार वाढते, असे साधे रूप धरले, तर वरच्या कडेचा मध्य सुमारे ३१ पिक्सेल, डाव्या कडेचा मध्य सुमारे १०४ पिक्सेल आणि कोपरा सुमारे १८० पिक्सेल बाहेर सरकतो. प्रत्यक्षातल्या प्रोफाइलमधली सूत्रे याहून गुंतागुंतीची असतात, पण वरच्या रांगेतल्या माणसांच्या डोक्यावरची जागा जवळपास तशीच राहिली आणि खांदा मात्र गेला, याचा उलगडा मला या तीन आकड्यांनी झाला. आडव्या फोटोत डावी-उजवी कड केंद्रापासून अधिक दूर असते, म्हणून मार तिलाच जास्त बसतो.

दुरुस्त झालेल्या चित्राची बाह्यरेषा आयताकृती उरत नाही; तिच्या चारही बाजू आत वळलेल्या आणि कोपरे बाहेर ताणलेले असतात. सॉफ्टवेअर त्यातून पुन्हा आयत कापते आणि बाहेर उरलेले दिसेनासे होते. फसवी गोष्ट अशी, की माझ्या फाइलचे माप दुरुस्तीनंतरही ६००० गुणिले ४०००च राहिले, त्यामुळे काही गमावले आहे असा संशयसुद्धा येण्याचे कारण नव्हते. तेवढेच पिक्सेल कमी दृश्यावर पसरलेले होते, आणि कोपऱ्यातला तपशील त्यामुळे थोडा मऊ झाला होता.

झूमच्या लांब टोकाला अनेकदा आढळणाऱ्या पिनकुशन डिस्टॉर्शनमध्ये (यात केंद्रापासून दूर जावे तसे चित्र ताणले जाते) गणित उलटे होते. तिथे दुरुस्ती करताना कोपरे आत ओढले जातात, कोपऱ्यांत रिकाम्या जागा पडतात, आणि त्या झाकण्यासाठी चित्र मोठे करून कडा कापाव्या लागतात.

हीच फाइल मी डार्कटेबल या दुसऱ्या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहिली. तिथले लेन्स करेक्शन लेन्सफन या मुक्त माहितीसंग्रहाचा आधार घेते आणि चित्र किती मोठे-लहान ठेवायचे याचा आकडा वापरकर्त्याच्या हाती देते. तो कमी केल्यावर खांदा तर दिसलाच, शिवाय आत वळलेल्या काळ्या कडाही दिसल्या. इतका वेळ कागदावर मांडलेली आकृती पडद्यावर उमटलेली पाहून मला खांदा सापडल्याहून अधिक आनंद झाला, हे कबूल करायला हवे.

इमारतीचे खांब वर निमुळते होत होते, म्हणून मी उभ्या रेषा सरळ करणारा पर्यायही वापरून पाहिला. ही लेन्सची चूक नसून कॅमेरा वर झुकवल्याचा परिणाम असतो, आणि तो काढताना चित्राचा समलंब चौकोन होत असल्यामुळे कापाकापी आणखी वाढते. रिकाम्या जागा वगळून क्रॉप करण्याची खूण लावताच दोन्ही टोकांची माणसे अर्धी झाली. तो पर्याय मी तत्काळ बंद केला. व्हिग्नेटिंगच्या, म्हणजे कोपऱ्यांत येणाऱ्या काळपटपणाच्या, दुरुस्तीने मात्र क्रॉपला काहीच धक्का लागत नाही, कारण ती फक्त उजेड बदलते, म्हणून ती मी पूर्ण ठेवली.

शेवटी मी सगळे पुसून क्रम बदलला: आधी प्रोफाइल, मग कल काढणे, आणि क्रॉप अगदी शेवटी. लाइटरूममध्ये प्रोफाइलच्या डिस्टॉर्शनचा सरकता आकडा ० ते २०० असतो आणि १०० म्हणजे प्रोफाइलमधली पूर्ण दुरुस्ती. तो मी हळूहळू उतरवत ६० वर आणला, तेव्हा खांदा चौकटीत आला. याचा आणखी एक फायदा झाला. वाइड अँगलमध्ये टोकाची माणसे रुंद दिसतात, हा सपाट प्रतिमेच्या प्रक्षेपणाचा गुण आहे, आणि बॅरलची दुरुस्ती त्यांना अधिकच ताणते. अर्धवट दुरुस्तीत ते गृहस्थ नेहमीच्या अंगकाठीच्या जवळ राहिले. छज्जाची रेघ अजून किंचित वाकडी आहे. फोटो भिंतीवर लागल्यानंतर ती माझ्याखेरीज कोणाच्या लक्षात आल्याचे मला कळलेले नाही.