बिशप लेटन यांच्या वाटेने डनब्लेनला

स्कॉटलंडमधलं ब्रिज ऑफ ॲलन हे गाव मागे टाकलं आणि डार्न रोडची रानातली पायवाट धरली. खाली ॲलन नदी, पायाखाली पावसाने निसरडी झालेली मुळं. दिंडी नव्हती, टाळ नव्हते. ओठांवर सवयीने ‘रामकृष्णहरी’ होतंच. चाललो होतो मात्र सतराव्या शतकातले डनब्लेनचे बिशप रॉबर्ट लेटन यांच्या दर्शनाला.

त्यांच्याकडे मी ओढला गेलो ते त्यांच्या वडिलांमुळे. बिशपांच्या सत्तेविरुद्ध लिहिलं म्हणून या वडिलांना, अलेक्झांडर लेटन यांना, १६३० मध्ये लंडनच्या स्टार चेंबर न्यायालयाने शिक्षा सुनावली. फटके मारले, कान कापला, नाक चिरलं, चेहऱ्यावर डाग दिला, वर तुरुंग. रॉबर्ट तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचे. आणि याच मुलाने १६६१ मध्ये बिशपपद घेतलं! कसं घेववलं?

उत्तर त्यांच्या वागण्यात आहे. राजा दुसऱ्या चार्ल्सने स्कॉटलंडमध्ये पुन्हा बिशप आणले, तेव्हा लेटन यांनी डनब्लेनचं बिशपपद पत्करलं. लहानसं, तुटपुंज्या उत्पन्नाचं. एडिंबरात थाटात शिरणं नको म्हणून बरोबरच्या बिशपांची संगत त्यांनी वाटेतल्या मॉर्पेथलाच सोडली. पुढे बिशपांना न जुमानणाऱ्यांवर दंड, सैन्य, कैद सुरू झाली. लेटन लंडनला गेले आणि राजालाच म्हणाले, या मार्गाने खुद्द ख्रिस्ती धर्म रुजवायचा असला तरी मी त्यात नाही. ग्लासगोचे आर्चबिशप असतानाही दोन्ही बाजूंचा मेळ घालायला ते झटले. जमलं नाही, १६७४ मध्ये पद सोडलं. हरले ते. पण कुणाचे कान कापून जिंकणाऱ्यांपेक्षा हा हरलेला माणूस मला फार जवळचा वाटतो.

डनब्लेनला नदीकाठी ‘बिशप्स वॉक’ आहे. लेटन तिथे फिरत, असं सांगतात. तेवढा रस्ता मी अनवाणी चाललो; खडी टोचली, बरं वाटलं.

कॅथेड्रलजवळ त्यांचं ग्रंथालय. मृत्युपत्रात त्यांनी आपली चौदाशेच्या आसपास पुस्तकं आणि इमारतीसाठी पैसे ठेवले होते. बाहेरून दगडी जिना, वर एकच लांबट खोली, भिंतीभर कातडी बांधणीचे ग्रंथ. उंबऱ्याला हात लावला आणि मगच आत गेलो.

यात्रेकरूला सगळं जग म्हणजे सराईच, म्हणून मरणही सराईत यावं, असं ते म्हणत. आलंही तसंच, १६८४ मध्ये, लंडनच्या वॉरिक लेनमधल्या बेल इनमध्ये. कबर ससेक्समधल्या हॉर्स्टेड कीन्सला आहे. पद सोडल्यावर ते तिथेच बहिणीकडे राहिले. पुढच्या उन्हाळ्यात वॉरिक लेनपासून तिथवर चालायचं आहे.