भुरभुर पावसाचा वायपर

वायपर चांगला का वाईट ते धो धो पावसात कळतच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. जांबोटीच्या पुढं कणकुंबी, चोर्ल्याकडं जो पाऊस कोसळतो त्यात पाणीच एवढं की काच आपोआप धुऊन निघते, आणि दिसेनासं झालं तर ते सगळ्यांनाच दिसेनासं होतं, महागातला वायपर असला तरी गाडी कडेलाच घ्यायची. खरी परीक्षा इथं गावात, बेळगावात, आरपीडी क्रॉसला सिग्नलवर. जुलै-ऑगस्टचा आमचा तो भुरभुर पाऊस, छत्री उघडावी तर लोक बघतात, नाही उघडावी तर डोकं भिजतं. काचेवर पाणी जेमतेम, वर पुढच्या ट्रकनं उडवलेला लाल चिखल आणि डिझेलचा तेलकटपणा, आणि त्यातनं रबर ओढत न्यायचं. पाणी हेच रबराचं वंगण, ते कमी पडलं की पात थरथरत, चिरकत जाते आणि जाताना डोळ्यासमोरच एक जाडजूड पट्टा ठेवून जाते.

या भुरभुरीसाठीच थांबून थांबून चालणारा वायपर निघाला म्हणायला हरकत नाही. तसा वायपर जुना, अमेरिकेत मेरी अँडरसन या बाईंनी १९०३ साली पेटंट घेतलं, पण तो आत बसून हँडलनं फिरवायचा. पुढं रॉबर्ट कर्न्स म्हणून एक इंजिनिअर, १९५३ मध्ये लग्नाच्या रात्रीच शॅम्पेनचं बूच उडून त्याचा डावा डोळा अधू झाला. त्या डोळ्यावरनंच त्याला सुचलं की पापणी काय सारखी फडफडत नाही, मिटते, थांबते, परत मिटते, मग वायपरनं का सारखं हलायचं? १९६४ ला त्यानं पेटंटचा अर्ज केला. आमच्या पावसाला ही गोष्ट फार आवडली असती.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न, ‘ड्रायव्हर साईड का क्लीनर साईड?’ कारमध्ये कसला क्लीनर, तिथं बायको बसलेली असते, पण लॉरीच्या काळातला शब्द तो, बायकोला सांगू नये एवढंच. बऱ्याच गाड्यांना दोन्हीकडचं माप वेगळं, ड्रायव्हरकडची पात लांब, ते इंचात विचारतात. जास्त दिसेल म्हणून कुणी एक इंच मोठी घालतं, मग मधे दोन्ही एकमेकींना धडकतात. ‘नुसतं रबर बदला की, कशाला अख्खा घ्यालाय,’ असंही ऐकायला मिळतं. फ्रेम घट्ट असली तर ते खरंय, पण तिचे सांधे ढिले झाले असले तर रबर नवं असून दाब कुठं पडतो कुठं नाही, आणि नेमका मधला वीतभर भाग कोरडा राहतो. फ्लॅट पातीत आत स्टीलची पट्टी असते, ती सगळीकडं सारखी दाबते, फक्त तिचा बाक आपल्या काचेच्या बाकाशी जुळायला पाहिजे. मी फ्लॅटच घेतो. सिलिकॉनचं रबर जास्त टिकतं, पैसेही तसेच जातात.

रबर पावसानं कमी आणि उन्हानं जास्त मरतं. दिवाळीपासून ते काचेवर पडून भाजत असतं, वर उसाच्या ट्रॅक्टरचा धुरळा, आणि वळवाच्या पहिल्या सरीत आपण एकदम बटन दाबतो. धूळ ओली होऊन त्याच चिखलानं काच घासली जाते, ते बारीक चरे मग रात्री समोरच्या हेडलाईटमध्ये चमकतात. आधी फवारा मारावा, ओल्या फडक्यानं रबराची कड पुसावी, काळं किती निघतं बघा. टाकीत बोअरचं पाणी घालू नये, खार धरून फवाऱ्याचं भोक बुजतं आणि टाचणी घेऊन बसावं लागतं.

वायपर बंद पडला तर जुने लॉरी ड्रायव्हर काचेवर तंबाखू चोळायचे, थेंब न धरता पाणी पसरून ओघळून जातं. निपाणी आपल्याच जिल्ह्यात, तेव्हा माल कमी पडायचा प्रश्न नाही. फुल स्पीडनं घाटात जायला तो उपाय नव्हे, घर गाठण्यापुरता.

आणि आतनं धुकं धरलं तर वायपर कितीही भारी असू दे, तो बाहेर. एसी लावायचा, हवा समोरच्या काचेवर सोडायची, बाहेरची हवा आत येणारं बटन दाबायचं, दोन मिनिटांत काच मोकळी. आमच्याकडं मात्र हे खातं आईकडं आहे, ती मागनं हात लांब करून फडकं मारते, ओघळाचे वेटोळे उठतात, आणि मी एसीकडं हात नेला की, ‘बंद कर बघू ते, माझे गुडघे धरलेत.’ मग काय, फडकंच.