आमची वाटचाल: एका बाहीपासून दुसऱ्या बाहीपर्यंत

पुण्यात लोकरीचा व्यवसाय करायचा, तर आधी हवामानाचा हिशेब मांडावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि त्याच दिवशी दुपारी तिशीच्या आसपास जातो. त्यामुळे डोक्यातून घालायच्या स्वेटरपेक्षा सकाळी अंगावर चढवून अकराच्या सुमारास काढून ठेवता येणाऱ्या कार्डिगनला येथे कायम अधिक मागणी असते. आमची सुरुवात मात्र बाळंतविड्यापासून झाली. सदाशिव पेठेतील राहत्या घराच्या पुढच्या खोलीत आम्ही कुंच्या, टोपडी, पायमोजे आणि लहान स्वेटर विणून देत असू. मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या आज्या हे आमचे पहिले गिऱ्हाईक आणि त्यांनीच पुढे स्वतःसाठी कार्डिगन मागायला सुरुवात केली.

मोठ्यांचे काम हाती घेतल्यावर खरी अडचण विणण्याची नव्हती, जोडण्याची होती. लुधियानाची लोकर तोलून विणणाऱ्या काकूंच्या घरी द्यायची आणि तयार झालेले भाग पुन्हा तोलून घ्यायचे, अशी आमची पद्धत होती. घाईच्या दिवसांत पाठ एकीकडे, बाह्या दुसरीकडे असे काम वाटावे लागे. परंतु एकीचा हात सैल आणि दुसरीचा घट्ट असला, की तीच लोकर, तीच सुई आणि तेवढेच टाके असूनही बाही काखेत बसत नसे. शिवाय शिवणकाम कोणालाच नको असे. ‘विणायला कितीही द्या, शिवायला सांगू नका,’ असे आमच्याकडच्या सर्वांत जुन्या काकूंनी बजावून ठेवले होते आणि त्यांचे म्हणणे रास्त होते, कारण वाकडी शिवण चांगल्या विणीचेही मातेरे करते.

यावरची वाट आम्हाला बाळाच्या एका जाकिटाने दाखवली. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन यांनी 1968 मध्ये त्याची रचना केली. ते सपाट, सलग एका तुकड्यात विणले जाते. ठरावीक दोन जागी आधी टाके कमी करत आणि नंतर वाढवत गेले, की शेवटी हातात एक विचित्र आकार उरतो. त्याला घडी घालून खांद्यावरून मनगटाकडे जाणाऱ्या दोन शिवणी घातल्या, की जाकीट तयार होते. ही किमया जमते ती गार्टर विणीमुळे, म्हणजे सगळ्या सुया, अर्थात विणीच्या ओळी, सुलट विणल्यामुळे. या विणीत दोन सुयांचा मिळून एक उंचवटा होतो आणि त्याची उंची साधारण एका टाक्याच्या रुंदीएवढी असते. म्हणून कडेने टाके उचलताना उंचवट्यामागे एक टाका, एवढाच नियम पुरतो. कडा वळत नाहीत, हा आणखी एक लाभ.

मोठ्यांच्या मापात ती घडी खांद्यावर ढगळ बसते, असे आमचे मत झाले. म्हणून त्यामागचा विचार तेवढा घेऊन आम्ही आडवी रचना पक्की केली. डाव्या मनगटापासून सुरुवात करून दर काही सुयांनी दोन्ही कडांना टाका वाढवत बाही वर न्यायची. छत्तीस इंची छातीसाठी आम्ही तयार घेर चाळीस इंच धरतो आणि 6 नंबरच्या, म्हणजे 5 मिलिमीटरच्या सुईवर चार इंचांत 18 टाके येतात. काखेशी बाहीचे 64 टाके होतात. तेथे पुढच्या आणि मागच्या भागासाठी दोन्ही बाजूंना 68-68 नवे टाके घातले, की गोल सुईवर, म्हणजे लवचीक तारेने जोडलेल्या दोन टोकांच्या सुईवर, एकदम 200 टाके येतात. शंभर टाके पुढचे, शंभर मागचे आणि मधली घडी म्हणजे खांदा. गळ्यापाशी दोन्ही भाग वेगळे होतात. पुढचा भाग बटणपट्टीपर्यंत विणून बंद करायचा आणि मागचा सरळ पुढे चालू ठेवायचा. उजव्या पुढच्या भागाचे टाके बटणपट्टीपासून नव्याने घालायचे आणि गळा ओलांडला की ते मागच्या भागाला जोडून दुसऱ्या मनगटापर्यंत जायचे. येथे पट्टी उभी येत असल्याने सगळी काजे एकाच सुईत पडतात आणि त्यांतील अंतर टाके मोजूनच ठरते. शिवण उरते ती फक्त बाहीच्या खालून काखेतून कमरेपर्यंत. एका कार्डिगनला एकच हात लागत असल्याने सैल-घट्टाचा प्रश्नही मिटला.

तळापासून वर विणलेला गार्टर विणीचा कपडा स्वतःच्या वजनाने लांबीत उतरतो. आडव्या रचनेत उंचवटे उभे येतात आणि हा दोष बराच कमी होतो. त्याचबरोबर पट्टेही उभे येतात आणि खरे कसब तेथे लागते. रंग नेहमी सुलट बाजूच्या सुईलाच बदलावा लागतो. तसे केले तर त्या बाजूला दोन रंगांमधली रेघ स्वच्छ येते आणि मागे दोन्ही रंगांचे ठिपके एकमेकांत शिरलेले दिसतात. एरवी दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या असल्याने आमच्या काकू सुलट बाजूला सेफ्टी पिन लावून ठेवतात. पट्टे आम्ही मुद्दाम कमी-जास्त रुंदीचे ठेवतो, त्यामुळे पाठीच्या मध्यानंतर सगळा क्रम उलटा फिरवावा लागतो आणि तो कागदावर उंचवट्यांच्या आकड्यांत लिहून दिल्याशिवाय कोणीही सुई हातात घेत नाही. बाहीत रंगाचा धागा कडेने वर नेला तर तो शिवणीत लपतो. अंगात मात्र तीच कड कमरेच्या घेरावर येते. म्हणून शेवटी घेराचे टाके उचलून एकाच रंगाची अरुंद पट्टी विणायची पद्धत आम्ही घातली. काहींना ती अनावश्यक वाटते, मला ती हवीच असते.

पैशांबद्दल थोडक्यात लिहितो. गार्टर वीण साध्या सुलट-उलट विणीपेक्षा जास्त लोकर खाते आणि वर सांगितलेल्या छत्तीस इंची मापाच्या कार्डिगनला सुमारे 600 ग्रॅम लागते. एका मोठ्या दुकानाने मोठी मागणी देऊ केली होती, पण यंत्रावरच्या कपड्याचा दर पुढे केला आणि मजुरी वजनावर द्या असे सुचवले. वजनावर मजुरी दिली की पट्ट्यांचा हिशेब सांभाळणारीला आणि न सांभाळणारीला सारखेच पैसे मिळतात. आम्ही नकार दिला आणि नगावर मजुरी देण्याची पद्धत कायम ठेवली. तेव्हापासून विक्री थेट गिऱ्हाइकालाच होते. लाकडी बटणे रविवार पेठेतून येतात, सुया तुळशीबागेतून.

सध्या पुरुषांच्या मापाचा तक्ता तयार होत आहे. त्यात काजे डाव्या भागावर येतात, म्हणजे विणायची सुरुवात उजव्या मनगटापासून करावी की पट्टीच बदलावी, यावर आमच्याकडे अजून एकमत झालेले नाही. थंडीसाठीची मागणी आम्ही गणपतीपर्यंतच घेतो, कारण दिवाळीच्या फराळाचे दिवस आले की सुया बाजूला पडतात.